मुरूम लागेपर्यंत

द्वारकाबाई भ्र. सूर्यभान, वय अंदाजे पंचेचाळीस, मूळ राहणार फुलंब्रीकडील, हल्ली मुक्काम पडेगाव. धंदा : घरकाम, म्हणजे निरंक. बांधा किरकोळ. ओळखीची खूण : उजव्या दंडावर गोंदण. सदर बाई राहत्या घराची मालक नसून घराच्या बांधकामाशी तिचा संबंध पूजेच्या पाटावर बसण्यापुरता आहे. स्वभाव शांत. तक्रार आढळून येत नाही.

तक्रार आढळत नव्हती, कारण ती ऐकणारा सूर्यभान होता.

सूर्यभान तिचा नवरा, एका कारखान्यावर वॉचमन. दुसऱ्याच्या भिंतीवर कुणी चढू नये म्हणून तो रात्ररात्र जागायचा. त्याच्या स्वतःच्या घराची पश्चिमेची भिंत मात्र कुणी न चढताच बाहेर कलायला लागली होती. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत भेग गेली होती. घराखाली काळी माती. उन्हाळ्यात ती आक्रसली की भेग फाकायची, पावसात फुगली की मिटायची. दर आषाढात सूर्यभान भेगेत बोट घालून बघायचा. बोट जात नसे. मग म्हणायचा, "बघ, भरली का नाय आपोआप?" पुढच्या उन्हाळ्यात तिथं अख्खा पंजा जाई. तेव्हा तो वर कॅलेंडर लावायचा.

हे असं आणखी काही वर्षं चाललंही असतं. पण थोरली लेक कस्तुरा पहिल्या बाळंतपणाला येणार होती, आणि बाळंतिणीला देण्यासारखी खोली त्या भिंतीचीच. दुसऱ्या खोलीत चूल आणि सूर्यभानाची बाज.

घर बांधलं होतं द्वारकाबाईच्या पाठच्या भावानं, कडूबा गवंड्यानं. त्यामुळे घराला नावं ठेवणं म्हणजे तिच्या माहेराला नावं ठेवणं, आणि ते खातं सूर्यभानाकडं होतं. सासुरवाडीच्या चहातल्या साखरेपासून लग्नातल्या टोपीपर्यंत सगळं उकरून काढणारा हा गडी भिंतीबद्दल मात्र एक अक्षर काढत नव्हता. हे तिच्या उशिरा लक्षात आलं. लक्षात आलं त्या सकाळी, ऐन वैशाखात, तिनं पहार घेतली आणि भिंतीलगत बाहेरून खणायला लागली.

गुडघाभर गेल्यावर पायाचे दगड संपले. खाली भेगाळलेली काळी माती. पाया ज्यावर टेकायला हवा त्या घट्ट मुरमाचा पत्ता नाही.

तिनं फुलंब्रीला निरोप धाडला. कडूबा दुसऱ्या दिवशी एसटीनं आला.

"हे काय हाय रं?" तिनं खड्डा दाखवला.

कडूबानं खड्ड्यात पाहिलं, मग सूर्यभानाकडं पाहिलं. सूर्यभान तंबाखू मळत होता.

"अक्का, मी म्हणलो व्हतो, मुरूम लागस्तोवर जाऊ द्या. दाजीच म्हणले, पायाभरणीचा मुहूर्त चाललाय."

"मंग? भटजी सायकलवर टांग टाकून उभा व्हता," सूर्यभान म्हणाला. "पंगत खोळंबली व्हती. आन गवंडी कोण, तू का मी?"

"मालक कोण व्हता पर?"

"गप बसा!" द्वारकाबाई म्हणाली. "मुहूर्त गाठला आन मुरूम सोडला. पाटावर मी बसले व्हते. खालचा काळा चिखल लुगड्याला लागला. मला वाटलं, एवढे दोन बाप्ये उभे हायेत, त्यांना कळत आसंल. आन येवढी वर्सं तुमी एकमेकाची अब्रू झाकीत बसलात. माझ्या लेकीला भितीखाली घालून!"

"पाऊस झाला की बघू, अक्का. सिल्लोडचं काम हातात हाय."

"पावसात मिटतीच ती," सूर्यभान म्हणाला.

द्वारकाबाई आत गेली. सूर्यभानाची बाज ओढत आणून तिनं भेगेच्या बरोबर खाली लावली. शेजारी भावासाठी घोंगडं अंथरलं, उशी ठेवली. कॅलेंडर काढून घेतलं आणि दोघांना हाक मारली.

"पडा."

"आत्ता? भर दुपारी?"

"दुपारी, रातच्याला, पार पाऊस होईस्तोवर. कस्तुराला मी चुलीपाशी निजवते. भित चांगली हाय ना? मंग पडा की!"

सूर्यभान बाजेवर टेकला. वर पाहिलं. चुन्याचा एक पोपडा त्याच्या मांडीवर पडला, तसा तो उठला आणि म्हणाला, तंबाखूची पिशवी बाहेर राहिली.

"का वो? मेव्हण्याच्या हातावर भरवसा नाय व्हय? आन तू रं कडूबा? दाजीचा मुहूर्त लई चांगला व्हता ना?"

कडूबा घोंगड्याकडं बघत उभाच राहिला. दोघांपैकी एकही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी कडूबानं सिल्लोडला कळवलं, की बहिणीकडं अडचण आहे. अडचण म्हणजे बहीण. त्यानं भिंतीला लाकडी बल्ल्यांचे टेके दिले. उभ्या भिंतीखालचा पाया एकदम काढत नाहीत. दोन हात खणायचं, शेजारचं तसंच सोडायचं, मुरमापर्यंत जाऊन काँक्रीट भरायचं. ते घट्ट झालं की मग सोडलेलं खणायचं. सूर्यभान नारळ घेऊन आला आणि पहिल्या खड्ड्याला चांगली वेळ कुठली, असं विचारायला लागला. द्वारकाबाईनं पहार उचलली. नारळ घरात गेला.

मुरूम लागला तरी तिचा राग उतरला नाही. ती भावाला भाकरी वाढायची, नवऱ्याला वाढायची, आणि दोघांशी एक शब्द बोलायची नाही. कस्तुरा आली तेव्हा टेके निघालेले होते. आषाढात तिला मुलगी झाली.

कडूबानं टेक्यांचं आणि काँक्रीटचं काम सांभाळलं. सूर्यभानाची पाठ पहिल्याच दिवशी धरली. पश्चिमेच्या भिंतीखालचे खड्डे, सगळे, द्वारकाबाईनं खणले.