टिपणीस बाईंचं घमेलं

टिपणीस बाईंनी आमच्याकडे चहाचा कप कधी संपवला नाही. दोन घोट घेतले की उठायच्या. "बघून येते हं!" बघायचं असायचं ते गॅलरीतलं घमेलं. नव्या पनवेलमध्ये आमची दारं समोरासमोर. त्या जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. मी बँकेत कारकून.

घमेल्यात होती सीतेची आसवं. पावसाळ्यात भातखाचरांत निळीजांभळी पसरतात ना, तीच. चिखलात त्यांच्या मुळांशी टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात, पाण्यातला बारीक किडा शिवला की आत ओढला जातो. "पक्की मांसाहारी आहेत, तुमच्यासारखी नाहीत हो जोशी!" बाई म्हणायच्या. "यांचे लाड नकोत. खत दिलंत की मेलीच."

रोपं आणली विचुंब्याच्या खाचरातून. पिशवी धरायला मी होतो. शेतकरी म्हणाला, "बाय, दिवाली झाली का हितं भराव पडनार. मंग फुलं नाय न काय नाय." तेव्हापासून बाईंना चैन नव्हतं. याच खाचरातलं बी घरात धरलं पाहिजे, पुन्हा मिळायचं नाही. घमेलं उन्हात सरकवायच्या, लगेच सावलीत ओढायच्या.

गणपतीत त्या पेणला भावाकडे गेल्या आणि घमेलं पाच दिवस माझ्याकडे आलं. रोपं मला अगदीच मरतुकडी वाटली. बाई येतील तेव्हा फुलं दिसावीत म्हणून गुलाबासाठी आणलेला युरिया चिमूटभर टाकला. चौथ्या दिवशी वर शेवाळ आणि खाली सगळं कुजलेलं.

"काही घातलंत का यात?" बाईंनी आल्या आल्या विचारलं.

"छे हो," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की आजही लाज वाटते.

बाईंनी विश्वास ठेवला. दिवाळीनंतर खाचरात भराव पडला. पुढचं वर्षभर त्या स्वतःची चूक शोधत होत्या. "पत्रा गंजला असेल का हो? माझ्या हाताला साबण राहिला असेल?" चहा अर्धा टाकून पुन्हा तोच चिखल उकरायला जायच्या. पुढच्या पावसाळ्यातही काही उगवलं नाही. मग त्या नाशिकला भाचीकडे कायमच्या राहायला निघाल्या. घमेलं माझ्या दारात ठेवून म्हणाल्या, "माझ्या हाताला यश नाही. तुम्ही बघा."

त्यानंतरच्या वर्षी श्रावणात तीन फुलं आली! चिखलात बी टिकून होतं. मी धावतपळत पत्र लिहिलं. फुलांचं लिहिलं, युरियाचं नाही. बाईंचं कार्ड आलं: "म्हणजे दोष माझ्याच हाताचा. कळलं ते बरं झालं. आता इथे काही लावत नाही."

उद्या खरं लिहू, उद्या लिहू, असं करत हिवाळा आला आणि भाचीचं पत्र आलं. बाई गेल्या होत्या.

फुलं अजून दरवर्षी येतात. चहा अर्धा टाकून मी उठतो, बघून येतो.

बाई, युरिया मी घातला होता.