भिंतीकडे तोंड केलेला फलक

दुपारची शाळा आटोपून मी घरी पोचले, तर शेजारच्या काकू दारातच उभ्या. आटपाडीहून फोन आहे म्हणाल्या. तशीच पळाले. "बाई, मी सुंदरा. यष्टी स्टँडावरनं बोलती. आक्का गेल्या…" पुढे बराच वेळ नुसता गाड्यांचा आवाज. मग नाक ओढून ती म्हणाली, "नंबर माझा मीच फिरवलाय बरं का." आक्का गेल्या हे ऐकून रडू आलं नव्हतं, या वाक्याला मात्र फुटलं. शेवंताआक्कांची बातमी अशीच यायला हवी होती. त्यांनीच अंक शिकवलेल्या बोटानं फिरवलेल्या फोनवरून.

त्याला आता महिना होऊन गेला. आक्कांवर लिही असं चारजणांनी सांगितलं. लिहायला बसले की त्यांचा आवाज कानात येतो, "गोडगोड लिवू नगा बाई. मेल्यावर समदीच चांगली असत्यात." म्हणून गोड लिहीत नाही.

आमची ओळख साक्षरता अभियानातली. या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिल्ह्यात अभियान आलं आणि मला सांगलीच्या शाळेतून काढून आटपाडी तालुक्यात समन्वयक म्हणून धाडलं. माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. दोन्हीकडे नदी दाराशी. आटपाडीच्या दुष्काळी बाजूला प्यायला पाणी मागायचाही संकोच वाटे. आक्कांच्या गावात पहिल्यांदा गेले, तेव्हा त्या समाजमंदिराच्या ओसरीवर उभ्या होत्या. सडपातळ, उंच, कमरेवर हात. नवरा फौजेत होता. त्याच्याबरोबर काही वर्षं छावणीत राहून आलेल्या, म्हणून बोलण्यात अधूनमधून फौजी हिंदी. तो गेल्यावर गावी परतल्या आणि दोन एकरांत डाळिंब लावलं. शिक्षण सातवी. मी अभियानाची माहिती द्यायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. पाट्या किती आणल्यात? आनि पुस्तकं?"

त्यांचा वर्ग दुपारी भरायचा. बायका रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायच्या, त्यांची भाकरीची सुट्टी झाली की आक्का पाट्या घेऊन तिथंच हजर. निम्म्या सुट्टीत भाकरी, निम्म्या सुट्टीत बाराखडी. पुढं काम बंद पडलं, तेव्हा वर्ग समाजमंदिराच्या ओसरीवर आला. मुकादम कुरकुरला, सासवा कुरकुरल्या. आक्का म्हणाल्या, "ड्यूटी म्हंजे ड्यूटी."

साक्षर कुणाला म्हणायचं, याची त्यांची परीक्षा सरकारच्या परीक्षेपेक्षा वेगळी होती. वर्गातली सुंदरा एकदा माहेरी निघाली. स्टँडवर तिनं विचारल्यावर कुणा टवाळानं भलतीच गाडी दाखवली आणि ही बया पोरगं काखेत घेऊन पार जतला पोचली. दुसऱ्या दिवशी परतली, तर सासरच्यांनी तिलाच शिव्या घातल्या. तेव्हापासून आक्कांचा नियम ठरला. जी बाई कुणाला न विचारता यष्टीची पाटी वाचून बरोबर गाडीत बसेल, ती साक्षर. बाकीच्यांनी पाटी धरून बसायचं.

अभियानाला मात्र घाई झाली होती. पुस्तकं तीन भागांची. आमच्या बायका पहिल्या भागाच्या मध्यावर होत्या, आणि वरून निरोप आला की गाव संपूर्ण साक्षर जाहीर करायचं. बायकांना निदान सही करता आली पाहिजे, म्हणजे झालं. जीपमधून फलकसुद्धा आला. चांगला मोठा, पत्र्याचा, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, 'संपूर्ण साक्षर गावात आपले स्वागत'. सरपंच तात्या तर असे खूश, जणू घरात लग्न निघालंय. आक्कांनी मला एकच विचारलं, "गाव साक्षर झालं की पुस्तकं येत्यात का थांबत्यात?" थांबतात, मी म्हणाले. पुस्तकं, पाट्या, खडू, सगळंच थांबतं. मला वाटलं, गप्प बसल्या. आक्का आणि गप्प! मलाच हसू येतं आता.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर, भर उन्हात. व्यासपीठावर पांढरंशुभ्र कापड ताणून बांधलेलं. एकेका बाईनं येऊन त्यावर सही करायची, फोटोवाला फोटो काढणार. जिल्ह्याहून आलेले साहेब स्वतः पेन घेऊन उभे. पहिलं नाव सुंदराचं पुकारलं. ती वर चढली, उजवी मूठ पदराखाली. साहेबांनी पेन पुढं केलं. तिनं हात बाहेर काढला आणि कापडावर अंगठा दाबला. काळाकुळकुळीत अंगठा! तव्याखालची काजळी खोबरेलात कालवून तिनं घरूनच माखून आणला होता. मग दुसरी आली, तिसरी आली. सगळ्यांच्या मुठी पदराखाली, सगळ्यांचे अंगठे काळे. फोटोवाल्याला कळेना, फोटो काढावा की नको.

"यांना सही येत नाही?" साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत आक्का खालून ओरडल्या.

"येती की साहेब! पर वाचाय येत न्हाई. नुसती सही म्हंजे अंगठाच की, जरा वळणाचा."

तात्या ताडकन उठले. "आक्का, गावाचं नाक कापलंत तुमी!"

"कापू द्या. डोळं तरी शाबूत ऱ्हात्याल. आनि साहेब, एक सांगा. दर सालाला गावात नव्या सुना येत्यात, बिनशिकलेल्या. गावात लगनं लागायची थांबत्यात का? मग गाव पुरं कसं हुईल? सरकारनं आमच्यासंगं निम्म्या वाटंपातूर यायचं आनि म्हनायचं पोचलो, ह्यो कुठला न्याय? आमी काय भीक मागत न्हाई. धरलेला हात सोडू नगा, एवढंच."

साहेब रागावले होते, यात शंका नाही. पण त्या काळ्या अंगठ्यांच्या रांगेकडं ते बराच वेळ बघत राहिले आणि जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "दुसऱ्या भागाची पुस्तकं किती लागतील ते कळवा." गाव त्या वर्षी जाहीर झालं नाही. मला वरिष्ठांनी झापलं ते वेगळं. त्या झापण्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

तात्यांनी समाजमंदिराला कुलूप लावलं. वर्ग आक्कांच्या डाळिंबात गेला. फळा नव्हता. आक्कांनी तो निळा फलक तात्यांच्या अंगणातून दिवसाढवळ्या उचलून आणला. जुने सेल फोडून त्यातली काळी पूड डिंकात कालवली, फलकाची मागची बाजू रंगवली आणि तो तिथल्या शेडच्या भिंतीला टेकवून ठेवला. स्वागताची अक्षरं भिंतीकडं, फळा बायकांकडं. तात्या मागायला आले, तर म्हणाल्या, "गाव साक्षर झालं की देती."

पुढं अभियानच आटोपतं घ्यायचा हुकूम निघाला आणि आमच्या बायका तिसऱ्या भागाच्या उंबऱ्यावर अडकल्या. तेव्हा आक्का त्यांना घेऊन सांगलीला आल्या. येताना गाडीची पाटी प्रत्येकीनं वाचली, हे आधी मला सांगितलं, मग ऑफिसकडं वळल्या. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून शिपायानं अडवलं. "चालू द्या त्यांची मीटिंग," म्हणत आक्कांनी व्हरांड्यात वर्ग मांडला. दाराबाहेर पंधरा-वीस बायका खणखणीत आवाजात जोडाक्षरं वाचताहेत, येणारे-जाणारे थबकताहेत… दुपारपर्यंत गोदामातला तिसऱ्या भागाचा गठ्ठा बाहेर आला. "आदी दिला असता तर ओरडलो नसतो," आक्का शिपायाला म्हणाल्या.

सरकार कशाला, लोकच लोकांना शिकवतील, असं म्हणणारे भले लोक मला भेटतात. मला त्यांचा संताप येतो. आक्कांनी फुकट शिकवलं म्हणून खडूही त्यांनीच विकत घ्यायचा का? हक्काचं होतं ते त्यांनी शेवटपर्यंत मागितलं. मिळालं नाही तेव्हा वर्ग चालवला आणि मागणंही चालू ठेवलं.

दिवसकार्याला मी गेले. जेवणं झाल्यावर डाळिंबाच्या शेडपुढंच शोकसभा झाली. तात्या आता थकलेत. आक्कांबद्दल ते खरोखर मनापासून बोलले. म्हणाले, "आता भांडान संपलं. त्यो फलक शिवंवर लावू या. खाली आक्कांचं नाव घालू." लोकांनी माना डोलावल्या. दोघं जण फलक उलटायला उठलेसुद्धा.

सुंदरा आडवी आली.

"हात लावू नगा. तात्या, तुमची धाकली सून वाचती का?"

सून गेल्या उन्हाळ्यात आलेली, बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती. तिनं मान खाली घातली.

"मग फलक कसला लावताय?" सुंदरा म्हणाली. फळ्यावर आक्कांच्या हातचा शेवटचा धडा तसाच होता, ठसठशीत, जरा उजवीकडं कललेला. तो पुसायला मला कधी जमलं नसतं. सुंदरानं पदराच्या टोकानं निम्मा पुसला, निम्मा ठेवला, आणि मोकळ्या जागेपुढं खडू धरून मागं बघितलं.

"ये गं. सासऱ्याला काय बघतीस? हिकडं ये."

पोरगी उठली. डोक्यावरचा पदर सावरत बायकांमधनं वाट काढत पुढं आली. तात्या वाटेतून बाजूला सरकले. तिनं खडू घेतला.