अजून कोण आत आहे?

शनिवारी दुपारी दोन वाजले की पांढरीपांडे मॅडम चष्मा पुसायच्या आणि स्क्रीनवरची नावं मोठ्याने वाचायच्या. दिल्लीतल्या आमच्या सरकारी कार्यालयात सगळ्यांच्या बदल्यांच्या नोंदी एकाच डेटाबेसमध्ये होत्या. त्याची दुरुस्ती करायची तर आत कोणीही असून चालत नसे. एका बटणाने सगळ्यांना बाहेर काढता आलं असतं, पण मॅडम एकेकाला फोन करत. "शर्माजी, सेव्ह कर लीजिए. चाय पीकर आइए, तब तक हो जाएगा."

"कनेक्शन तोडून टाका ना," मी नवा असताना म्हणालो होतो.

"अरे, माणूस अर्ध्या वाक्यात असतो. त्याला असं हात धरून काढायचं नाही."

दिल्लीकरांनी त्यांचं आडनाव कापून 'पांडे मॅडम' करून टाकलं होतं, त्याचीही त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला या सोशिकपणाचा राग यायचा. नागपूरला म्हातारे आईवडील, म्हणून त्यांनी तीनदा बदली मागितली होती. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: हे काम जाणणारा दुसरा माणूस नाही. दिल्लीच्याच द्वारका भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांची पुस्तकांची खोकी आठ वर्षं बांधलेलीच होती. "जायचंच आहे ना," म्हणायच्या.

खरं तर दुसरा माणूस होता. मीच. दोन वर्षं शेजारी बसून मला सगळं येऊ लागलं होतं. पण येतं म्हटलं की ती खुर्ची गळ्यात पडणार, आणि मला पुण्याला परतायचं होतं. साहेबांनी विचारलं की मी म्हणायचो, "अभी सीख रहा हूँ, सर."

एका शनिवारी त्यांच्या आईचा फोन आला. बाबांना दवाखान्यात हलवलं होतं. मॅडमनी सहाच्या विमानाचं तिकीट काढलं. सोमवारी बदल्यांची यादी निघायची होती, त्यामुळे दुरुस्ती टाळता येत नव्हती. फोन करकरून सगळी नावं गेली, एक राहिलं: उपसंचालकांचं. ते कॉम्प्युटर चालू ठेवून, खोलीला कुलूप लावून गाझियाबादला लग्नाला गेले होते आणि फोन उचलत नव्हते.

"मॅडम, तोडा आणि निघा."

"यादीच उघडी असेल तर? कोणाचं तरी नाव अर्धं राहील." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पुढचं तू करशील का रे?"

मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, "नाही जमणार, मॅडम."

साडेपाचला शिपाई किल्ली घेऊन आला. खोलीतल्या स्क्रीनवर कोरा फॉर्म उघडा होता. त्यात एक अक्षर नव्हतं. मॅडमनी तो बंद केला आणि खाली येऊन काम पुरं केलं. दुसऱ्या दिवशी त्या नागपूरला पोचल्या तेव्हा वडील गेले होते.

तेरावा आटोपून त्या परत त्याच खुर्चीत बसल्या. मला राहवेना. "मॅडम, त्या दिवशी मला येत होतं."

"माहीत आहे रे, मीच तर शिकवलं." त्या चष्मा पुसत राहिल्या. "मी इथे आल्या आल्या सांगून बसले होते, मला येतं म्हणून. तू शहाणा आहेस. आता आई एकटी आहे, एवढंच."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच फार लागलं. मी उठून साहेबांच्या खोलीत गेलो. "सर, मुझे आता है."

महिन्याभरात मॅडम सुटल्या. पुण्यासाठीचे माझे दोन अर्ज आजवर परत आले आहेत. उत्तर मला वाचायच्या आधीच ठाऊक होतं. शनिवारी दोन वाजता मी नावं वाचतो आणि एकेकाला फोन करतो. ते बटण मी अजून दाबलेलं नाही.