खाऱ्या पाण्यातलं निंदण

अकोल्याच्या जुन्या शहरात राहून नितेश इंगळेनं घरात समुद्र आणायचं ठरवलं, तेव्हा त्याची बायको रागिणी एवढंच म्हणाली, "आंगोयीले पानी पुरत नाही, अन् माश्याइले समुद्र पाह्यजे."

नितेश एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. पण हौसेला मोल नसतं. त्यानं काचेची टाकी घेतली, खडक रचले, दोन केशरी मासे आणि मऊ प्रवाळाचा एक तुकडा आणला. मग अस्सल वऱ्हाडी डोकं चालवलं. त्याचं गाव अकोटकडचं, खारपाणपट्ट्यातलं; तिथल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. खारंच पाणी हवं तर आपल्याकडे काय कमी आहे, म्हणून पठ्ठ्यानं कॅन भरभरून गावचं पाणी आणलं आणि विकतचं समुद्री मीठ थोडकं घालून भागवलं.

महिनाभरात टाकी हिरवीगार. खडकांवर केसांसारखं शेवाळ माजलं आणि प्रवाळ त्याखाली मिटून गेलं. नितेशनं अमरावतीच्या दुकानदाराला फोन लावला. दुकानदारानं आधी पाणी कुठलं ते विचारून घेतलं.

"इंगळेभाऊ, वावरातलं खत झिरपून त्याच बोअरीत उतरते ना. तुमी तं टाकीत पीक पेरलं."

आता शुद्ध पाणी घाला, मीठ पुरतं टाका, उजेड आणि दाणा कमी करा, शेवाळ हातानं उपटा, असं त्यानं सांगितलं. प्रवाळ वाचेल, अशी हमी मात्र दिली नाही.

पाणी बदलणं जमलं, उपटणं जमेना. पान्ह्याला सरावलेली बोटं ती. शेवाळ वरच्यावर तुटायचं आणि पुन्हा फुटायचं. नितेशनं हात टेकले.

तेव्हा त्याची आई, केशरबाई, खुर्ची ओढून टाकीशी आली. नवरा गेल्यावर ती गाव सोडून लेकाकडं आली होती आणि कामाविना दिवसभर भिंतीकडं बघत बसायची. तिनं पदर खोचला, पाण्यात हात घातला.

"वरून नोको तोडू. मुयाशी धर, अन् हयू काढ."

मग रोज सकाळी तिचं निंदण सुरू झालं. एक खडक साफ झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायची नाही. रागिणी चहासुद्धा तिथंच नेऊन द्यायची. हळूहळू खडक उघडे पडले आणि एका सकाळी प्रवाळानं आपली बोटं पुन्हा बाहेर काढली.

नितेशचा ऊर भरून आला. लोकांच्या वावरात मजुरीनं तण निंदून याच हातांनी त्याला आयटीआयपर्यंत शिकवलं होतं, आणि आजही तेच हात त्याच्या मदतीला आले होते. हे उपकार कसे फेडायचे, त्याला कळेना.

"आई, पुरे कर आता. जिंदगीभर निंदलंच ना तू."

"ते लोकाइचं होतं," केशरबाई मान वर न करता म्हणाली. "हे आपलं हाय."

नितेश तिच्या बाजूला बसला आणि शेवाळ टाकायला त्यानं ताटली पुढं धरली.