इंजिन सेट होईपर्यंत

माझा नवरा जहाजावर नोकरी करतो. मागच्या सुट्टीत त्याने मोटरसायकल घेतली. इंजिन सेट होईपर्यंत सावकाश चालवा, असं शोरूममध्ये सांगितलं होतं. त्याने ते इतकं मनावर घेतलं की देवगडच्या वाटेवर स्कूटरवाल्या मुलीही आम्हाला मागे टाकून जायच्या. मला त्याचं काहीच वाटत नसे. त्याच्या पाठीला टेकून मी बोलत राहायची. लग्नानंतरचं आमचं बहुतेक बोलणं फोनवरच झालेलं. मनातलं सगळं निघालं ते त्या गाडीवर. जाण्याआधी त्याने शाळेच्या मैदानात मला ती चालवायला शिकवली.

तो गेल्यावर मी गाडी घेऊन कट्टा गावातल्या पतसंस्थेत कामाला जाऊ लागले. एका सकाळी चढावर इंजिनातून खडखड आवाज आला, मागचं चाक अडलं आणि गाडी जागेवरच थांबली. किक खालीच जाईना. टेम्पोत घालून ती कुडाळच्या सर्व्हिस सेंटरला नेली. मेकॅनिकने इंजिन उघडून पाहिलं आणि सांगितलं, ऑईलचा पंपच खराब आलेला होता. ऑईल न पोचल्यामुळे पिस्टन जाम झाला होता. सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं असल्याने वॉरंटीत अख्खं इंजिन बदलून मिळणार होतं.

नवीन इंजिन यायला बरेच दिवस लागले. ते बसवलं त्या दिवशी जुनं इंजिन टेबलावर उघडं पडलेलं दिसलं. हे मला नेता येईल का, असं मी विचारलं. ते कंपनीला परत पाठवावं लागतं, असं मेकॅनिक म्हणाला, आणि ठेवून करणार काय, असंही त्याने सहज विचारलं. मी त्या इंजिनावरून एकदा हात फिरवला आणि गाडीची चावी घेतली.

त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. त्याच्या जागी येणारा माणूस पोचला नव्हता, त्यामुळे त्याचा मुक्काम लांबला होता. मी गाडीचं सांगितलं.

"मगे आता परत हळूच चलवक व्हयी," तो म्हणाला. "माका तुझ्याबरोबर येवचा होता गो तेवा," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

पुन्हा तीच सावकाश गाडी, तोच रस्ता, आणि पुढे बसलेली मी. पाठीमागे कुणी नाही, हे मला प्रत्येक वळणावर जाणवायचं. शेवटी एका रविवारी मी सासूबाईंना विचारलं, मसुऱ्याला तुमच्या माहेरी सोडू का? त्या कधीच मोटरसायकलवर बसल्या नव्हत्या. पण लगेच साडी बदलून आल्या.

बराच वेळ त्या माझा खांदा घट्ट धरून बसल्या होत्या. मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुझो सासरो बोटीर असताना माका खंय जावकच मिळा नाय. नुसती घराफुडल्या खळ्यात बसान ऱ्हवंय. कोणाक सांगूचा, ताच कळा नसा."

माझे डोळे भरून आले. रस्ता नीट दिसेना, म्हणून गाडी कडेला घेतली. खाली उतरून त्या माझ्याजवळ उभ्या राहिल्या, आणि सासरे पहिल्यांदा बोटीवर गेले त्या दिवसाचं सांगू लागल्या.