चावडीवरचा रेडिओ आणि माझी बी.ए.

हल्ली पेपरात विचार करणाऱ्या यंत्रांबद्दल काहीबाही छापून येतं आणि आमची शिकलेली मंडळी हबकून जातात. मला ती धास्ती ओळखीची वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आमच्या गावच्या चावडीवर मी ती एकदा भोगली आहे.

पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या काठाला आमचं गाव. बहुतेक घरातला एक तरी माणूस पलटणीत. सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन मी घरी आलो होतो आणि नोकरीचा पत्ता नव्हता. आमच्या घराण्यात माझ्याआधी सगळ्यांचा अंगठा. सही करणारा मीच पहिला. कराडहून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार संध्याकाळी धापा टाकत यायची, तिच्यातून आदल्या दिवशीचा पेपर उतरायचा, आणि मी तो घेऊन चावडीच्या पायरीवर बसलो की माणसं गोळा व्हायची. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे. एवढं शिकून गावाला काय उपयोग, असं विचारणारे होतेच. त्यांना मी रोज तिथं बसून उत्तर देत होतो.

ऐकणाऱ्यांत माझी थोरली चुलती असे. आम्ही तिला नानी म्हणत असू. तिचा एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. बायकांनी चावडीवर बसायची रीत नव्हती, म्हणून ती समोरच्या घराच्या ओट्यावर पदर पुढं ओढून बसायची. पण नजर सगळी माझ्याकडं. ब्रह्मदेश हा शब्द आला की हनुवटीला लावलेला हात खाली यायचा.

वाईट बातमी मी गाळत नव्हतो, मात्र जपून वाचायचो. आधी डोळ्यांनी पुढची ओळ चाचपायची, जरा थांबायचं, मग तोंडानं. ऐकणाऱ्याला सावरायला तेवढा वेळ मिळतो, अशी माझी समजूत.

मग सरकारनं रेडिओ धाडला. लाकडी पेटी, खाली बॅटरी, आणि वर कौलापर्यंत गेलेली तार. दिवेलागणीला पाटील कुलूप काढायचे. पहिल्याच संध्याकाळी मुंबईहून कुणीतरी स्वच्छ मराठीत बोलायला लागलं आणि माझ्या हातातला पेपर हातातच राहिला.

"आरं, तुज्या पेपरात परवा येणार ते ह्यो आजच सांगतूय की," पाटील म्हणाले.

मी म्हणालो, "बातम्या सांगंल. बाजारभाव कुठनं सांगंल?"

आठवड्यात त्यानं गुळाचा भाव सांगितला. मी म्हणालो, भावाचं सोडा, शेतीतलं त्याला काय कळतंय? तर उसाला लागणाऱ्या किडीवर त्यानं औषध सांगितलं, आणि आमच्या अडाणी म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पुढं भजनं म्हणायला लागला. तीही सुरात. माझ्या बरोबरीचा एक गडी सगळ्यांदेखत म्हणाला, "गड्या, त्येला काय येत न्हाई ते आता सांगूच नगंस. तू सांगितलंस की ते बी शिकतंय."

सगळे हसले, मीही हसलो. पण पेपर काखेत मारून घरी जाताना तेच घोळत राहिलं. बोर्डिंगची पाणचट आमटी खाऊन मिळवलेलं शहाणपण एका पेटीत मावतं, ती पेटी दमत नाही, तिचा घसा बसत नाही. माणसाचा हेवा वाटला तर निदान त्याचं काहीतरी उणं काढता येतं. तिथं तेही सापडेना. ती बॅटरी बसावी असं मी मनापासून घोकत असे.

हे सगळं सोसलं असतं. पण नानीसुद्धा ओट्यावर अंग वळवून पेटीकडं तोंड करून बसायला लागली. एकदा चावडीवरनं परतताना मी तिला गाठलं.

"नानी, त्येला ऐकू येत न्हाई बरं का. तू कितीबी बघितलंस तरी तुज्या पोराचं त्यो काय सांगायचा न्हाई."

"ठावं हाय मला. यडी न्हाई मी."

"मग माजं वाचलेलं का ऐकत न्हाईस आता?"

ती चालत राहिली. पाणंदीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "तू वाचताना मधीच थांबायचास, बाबा. तू थांबलास की माजं काळीज थांबायचं. फुडं साधंच काय तरी निघायचं, पर तवर मी मेल्यागत व्हायची. ह्यो थांबत न्हाई. बरं असू दे, वंगाळ असू दे, एका सुरात सांगून मोकळा हुतो. तुज्या तोंडाकडं बघत बसावं लागायचं रं. त्येला तोंडच न्हाई."

मी बी.ए. झालेला माणूस. तिच्या मागनं खाली मान घालून घरापर्यंत चालत गेलो.

पुढं बॅटरी खरंच बसली. भरून आणायला ती कराडला गेली आणि त्यात मोटार बंद पडली, त्यामुळं चावडी मुकी झाली. पेपर तेवढा डाकवाला पायी घेऊन यायचा. नानी आमच्या घरी आली, उंबऱ्याशी टेकली आणि म्हणाली, "वाच."

या वेळी मी पुढची ओळ चाचपली नाही. पेटीसारखं एका दमात, एका सुरात वाचत गेलो. ब्रह्मदेश आला, तिथली ठाणी आली, पडलेली माणसं आली. कुठं थांबलो नाही. नानी अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांकडं बघत ऐकत होती. माझ्याकडं तिनं मान वळवली नाही.

"आता ब्येस वाचतूस," उठताना ती म्हणाली. "त्येच्यावानी."

तिनं कौतुकानं म्हटलं होतं. मी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

लढाई संपली. चुलतभाऊ हिवतापानं पिवळा पडलेला, पण हातीपायी धड घरी आला. नानीनं चावडीचा रस्ता सोडला. बातम्यांचं विचारलं तर म्हणायची, "मला काय करायच्यात त्या आता?" मला साताऱ्याच्या एका शाळेत नोकरी लागली आणि जन्मभर मी पोरांपुढं उभा राहून वाचत आलो. चांगलं वाचतो असं सगळे म्हणतात. पण कुठल्या ओळीला माझा आवाज अडखळतो ते बघायला श्वास धरून माझ्या तोंडाकडं बघणारं पुन्हा कुणी भेटलं नाही. तिला त्याचा किती त्रास व्हायचा हे तिनंच मला सांगितलं होतं. तरी ते मला अजून हवंसं वाटतं.