मोहाखालची राख

३ एप्रिल. दुपारी दवाखान्यात कॅज्युअल्टीचं रजिस्टर उघडून मागच्या महिन्यातली जखमी मुलं वेगळी काढत होते. वय किती, कुठे लागलं, कशाने लागलं, एवढं तक्त्यात उतरवून जिल्ह्याला पाठवायचं. त्यावरून उपाय ठरतात. उन्हाळ्यात आमच्याकडून ‘चुलीवर भाजले’ फार जायचं, म्हणून मुलांना चुलीपासून जपा, असं सांगणारी पोस्टरं आली होती. एक माझ्या खुर्चीमागेच चिकटवलेलं होतं.

पंखा संथ फिरत होता. ओळी डोळ्यांपुढे तरंगायला लागल्या तेवढ्यात मोहाच्या फुलांचा गोड, जड वास आला. दारात एक बाई, कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीचे दोन्ही तळपाय भाजलेले.

पट्ट्या बांधून झाल्यावर मी पेन उचललं. “कशानं भाजलं?”

“चूल लिवा, बाई.”

“चुलीवर नाचत होती का पोट्टी?”

“नाचली समजा.”

“मी नाई नाचली,” मुलगी म्हणाली. “फुलं वेचत होती.”

आईने दाराकडे पाहून आवाज उतरवला. “काल सांजेले झाडाखालचा पाला जाळला, फुलं दिसावी म्हणून. सकाळी वरून राख थंडी, आत निखारे. जंगलात आग लावली असं लिवलं त जंगलाचा गार्ड घरी येते. त्यायनं मोह वेचणं बंद केलं त आम्ही खावाचं काय?”

मी मागच्या नोंदी पुन्हा पाहिल्या. चूल, चूल, चूल. आणि जखम तळपायाला.

मी लिहिलं: घराबाहेर, राखेखालचे निखारे. तिला वाचून दाखवलं.

“जंगल नाई लिवलं?”

“जंगलाचा रकाना नाही. पाला मात्र जाळू नका.”

“मंग फुलं दिसन कशी?”

४ एप्रिल. उजाडताना माझ्या जुन्या सुती साड्या घेऊन मी त्यांच्या झाडाखाली गेले. काठीने राख उकरून पाहिली, विझली होती. साड्या अंथरल्या. मुलगी बाजूला टोपल्यात बसलेली, पट्ट्यांचे पाय बाहेर काढून. वारा नव्हता. एक फूल टपकन पडलं, मग बराच वेळ काही नाही, मग दोन. अंथरलेली निळी साडी फुलांनी हळूहळू फिकट पिवळी होत गेली.

“साड्या वापस नाई भेटनार, बाई,” आई म्हणाली.

“माहीत आहे,” म्हटलं. शेवटच्या साडीची टोकं दगडांनी दाबली आणि ड्युटीवर गेले.